हितलं सांगा, मालक

नरसय्याअण्णांनी मला अकरा वर्षं फसवलं. त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि हे त्यांनी मला कळू दिलं नाही. माझ्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. अकरा वर्षं रोज माझ्यासमोर उभे राहायचे, बोलायचे, हसायचे. दारातून आत येणारा माणूस किती अडलेला आहे हे मी त्याच्या चपला काढण्यावरून ओळखतो, असं सोलापूरच्या भवानी पेठेत माझ्याबद्दल बोलतात. मला स्वतःलाही तसंच वाटायचं. पण हे मला कळलं नाही.

फसवलं त्यांनी, आणि नुकसानही त्यांचंच झालं. ते मी केलं. त्याबद्दल त्यांना एक वाक्य सांगायचं होतं. ते राहून गेलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी मोहोळकडचा. सोलापूरच्या स्टँडबाहेर खांद्यावर टॉवेल टाकून विकण्यापासून सुरुवात केली. पुढे दोन माग भाड्याने घेतले, मग स्वतःचे चार, आता बारा आहेत. मला कुणी काही दिलं नाही. जे आहे ते घासाघीस करून घेतलं आहे. त्यात राग वाढला. कामगार मला माझ्या पाठीमागे ‘बॉयलर’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण बॉयलरच्या आत काय चाललं होतं ते कुणाला दिसत नव्हतं. सूत महागलं की छातीत धडधड, स्वस्त झालं की हा भाव टिकेल का म्हणून जास्तच धडधड. हाताला मुंग्या यायच्या, घशात गोळा यायचा, आता आपण इथेच पडणार असं वाटायचं. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली आणि म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका. मी त्यांच्यावरच ओरडलो. म्हटलं, टेन्शन काय मी दुकानातून घेतो का? घेऊ नका म्हणे!

अण्णा आले ते याच दिवसांत. उंच, काटकुळे, पांढरा बनियन, घोट्याच्या वर दुमडलेली पँट, खांद्यावर विणीत खोट राहिलेला एखादा टॉवेल. तळहाताच्या रेषांत तेल इतकं मुरलेलं, की हात कितीही धुतला तरी त्यावर नकाशा काढल्यासारखा दिसायचा. घरी तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी, आणि दोन्ही जरा मोठ्या आवाजात. आधी कुठे होता विचारलं तर एका मोठ्या कारखान्याचं नाव घेतलं. का सोडलं, तर म्हणाले, “सुटलं, मालक.” मी पगार सांगितला. मुद्दामच कमी सांगितला होता, वर जायला जागा ठेवून. ते एकदम “चालतंय” म्हणाले. भाव न करणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर त्याला काहीतरी झाकायचं असतं. मी त्यांना साधू समजलो.

त्यांची तपासायची रीत बघायला दुसऱ्या कारखान्यांतले लोक यायचे. माग बिघडला की अण्णा आधी त्याच्या बाजूच्या लोखंडावर तळवा ठेवून उभे राहायचे. मग आपला लांब पाना काढायचे, त्याचं एक टोक दातांत धरायचे, दुसरं मागाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. पाच-दहा क्षण तसेच. मग पाना काढून जागा दाखवायचे आणि बिघाड नेमका तिथेच असायचा. आमचे सर्वांत जुने विणकर महबूबचाचा म्हणायचे, “सेठ, अण्णा माग को चख के देखते.” मी हे दहा ठिकाणी फुशारकीने सांगितलं. माझा जॉबर मागाची चव घेतो! तो असं का करतो, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

कसा पडणार? ज्याने यंत्रमागाचा कारखाना आतून पाहिलेला नाही त्याला हे सांगायला हवं. बारा माग चालू असले की तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर चालतं. बोट गोल फिरवलं की ‘कुठला बंद पडला’, दोन बोटं कापल्यासारखी केली की ‘धागा तुटला’, अंगठा ओठांकडे नेला की चहा. त्या गोंगाटात अण्णा आमच्या सगळ्यांपेक्षा तरबेज होते. समोरच्याचे ओठ हलायच्या आत त्यांना कळायचं. आम्ही सगळे तिथे रोज आठ तास बहिरेच असायचो. त्यात जो खराच बहिरा, तो वेगळा कसा दिसणार?

पहिला प्रसंग दुपारचा आहे. एका व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला होता. मी सुताच्या गठ्ठ्यांवर बसलो आणि ते सुरू झालं. छाती, घसा, मुंग्या. अण्णा आले, काही विचारलं नाही. माझं मनगट धरून उठवलं आणि माझा तळवा चार नंबरच्या मागावर ठेवला. काय लागतंय, असं भुवयांनी विचारलं. मागाचे ठोके लागत होते. मग पाच नंबरवर ठेवला. मग परत चारवर. फरक काय, असं विचारलं. मला राग आला होता, माणूस मरायला टेकलाय आणि याचं काय चाललंय! पण हात काढू देईनात. तिसऱ्या वेळेला मला कळलं. पाचमध्ये प्रत्येक तिसऱ्या ठोक्यामागे एक बारीक, चोरटा ठोका जास्तीचा होता. मी तीन आणि एक अशी बोटं दाखवली. अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून खालचा एक सैल बोल्ट आवळला आणि परत हात ठेवायला लावला. चोरटा ठोका गेला होता.

मला घेऊन ते मागच्या दाराबाहेर आले आणि म्हणाले, “आता छातीचं सांगा.”

छातीचं मी विसरलोच होतो.

“डोक्यात बसून कारखाना चालवायलाव तुमी,” ते म्हणाले. “उद्याचा माल, परवाचं सूत. डोक्यातलं ऱ्हाऊ द्या. हितलं सांगा.”

“हितलं म्हणजे?”

“हितलं म्हंजे हितलं की! ह्या पायरीवरलं. चूडु,” ते म्हणाले. चूडु म्हणजे तेलुगूत ‘बघ’. “काय दिसायलंय, काय लागायलंय. काय ऐकू येतंय ते सांगा.”

तेव्हापासून दुपारचा चहा आम्ही त्या मागच्या पायरीवर घ्यायचो. माझ्या हाताखालच्या माणसाबरोबर पायरीवर बसायची मला सवय नव्हती. पण औषधाच्या गोळीने जे झालं नव्हतं ते तिथे होत होतं, आणि फुकट होत होतं. अण्णा नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचे. जागा दुसऱ्या कुणी घेतली तर उभे राहायचे, पण पाठ उघडी टाकायचे नाहीत. बशीत चहा ओतायचे, फुंकर घालायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, “हं, सांगा मालक. काय काय ऐकू येतंय?”

मी सुरुवातीला मोघम सांगायचो. गाड्या, माणसं.

“गाड्या म्हंजे? कसल्या?”

मग कान द्यावा लागायचा. एक रिक्षा, सायलेन्सर फुटलेली. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आत हसतायत. कुणीतरी दाराची कडी लावली, एकदा लागली नाही, परत लावली. शेजारच्या घरात उखळात काहीतरी कांडताहेत.

“अजून?” त्यांचं हे ‘अजून’ संपायचं नाही. बशी हातात तशीच, नजर माझ्या तोंडावर, पापणी हलत नसे. शाळेतल्या कुठल्या मास्तरांनी माझ्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं. मला वाटायचं, म्हातारा परीक्षा घेतोय. म्हणून मी आणखी बारीक आवाज शोधायचो. तारेवर होला घुमतोय. नळाखालची बादली भरत आली, आवाज पातळ झाला. असं करता करता चहा संपायचा आणि खांदे खाली आलेले असायचे.

त्यांची स्वतःची भर वेगळी असे. “उखळात शेंगाचटणी हाय. लसूण जास्त पडलाय,” असं नाकाने सांगायचे. नाही तर वर बघून, “तिसरी साळुंकी लंगडायलीय, काल न्हवती लंगडत.” एकदा मी विचारलं, “अण्णा, तुम्ही आवाज का नाही सांगत कधी?”

“माझं पाठ हाय सगळं,” ते म्हणाले. “तुमचं कच्चं हाय. तुमी सांगा.”

यात खोटं काहीच नव्हतं, असं आता वाटतं. त्यांचं सगळं पाठच होतं. ऐकू येत होतं त्या दिवसांपासूनचं.

ही विद्या मी धंद्यातही वापरली. हैदराबादचा एक व्यापारी आला होता, जिभेने साखर आणि मनाने सुरी. त्याने माझा माल असा काही हलका केला की माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. आता दोन शिव्या हासडणार आणि सौदा मोडणार, तेवढ्यात नमुने धरून उभ्या असलेल्या अण्णांनी माझ्या पायावर पाय ठेवला. बोट जमिनीकडे. हितलं. मी तोंड मिटलं आणि बघायला लागलो. टेबलावर पाण्याचा ग्लास, त्याखाली ओला गोल. पंख्याचं एक पातं वाकडं. आणि त्या व्यापाऱ्याचा डावा हात. तोंडाने तो टॉवेलला नावं ठेवत होता आणि डाव्या हाताने त्याच टॉवेलची झालर कुरवाळत होता, घरचीच वस्तू असल्यासारखी. मी खुर्चीला टेकलो आणि म्हणालो, “नको असेल तर राहू द्या.” सौदा माझ्या भावाने झाला. बाहेर आल्यावर मी अण्णांना विचारलं, तुम्ही त्याचा हात बघितला होता का? म्हणाले, “मी तोंड बघत हुतो. तुमचं. तापलेलं लगेच कळतंय.”

माझ्या मुलीच्या लग्नात असंच झालं. मंडपात सातशे माणसं, बँडचा धिंगाणा, वऱ्हाडातल्या कुणाचा तरी मानपान राहिला म्हणून रुसवा. मला वाटलं, मी आता अक्षता हातात घेऊनच पडणार. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून अण्णा उभे होते. इतक्या लांबून त्यांनी माझ्याकडे बघून बोट गोल फिरवलं. कुठला बंद पडला? मी छातीवर हात ठेवला. त्यांनी जमिनीकडे बोट केलं आणि मग डोळ्यांकडे. मी बघायला लागलो आणि एकेक त्यांना हातानेच सांगायला लागलो: भटजींची शेंडी, करवलीची तुटलेली वहाण, माझ्या मुलीच्या मुंडावळीचा सुटलेला एक मोती. त्या गोंगाटात बाकी सगळे एकमेकांच्या कानात ओरडत होते. सातशे माणसांत नीट बोलू शकत होतो ते आम्ही दोघंच. मुलीचं लग्न मला आठवतं ते त्यामुळे. नाही तर त्या दिवशी मी फक्त जेवणावळीत असतो, उद्याच्या भांड्यांत असतो.

आता ती दुपार.

दारात बाहेरगावचे दोन व्यापारी उभे होते, मोठी मागणी घेऊन आलेले. मी त्यांना माग दाखवणार इतक्यात लाईट गेली. सगळे माग थांबले. कारखान्यात अशी शांतता झाली की पाल चुकचुकलेली ऐकू यावी. विणकर सगळे समोरच्या चहाच्या गाड्यावर गेले. अण्णा मागच्या हौदावर पाठमोरे हात धूत होते. मी व्यापाऱ्यांना म्हणालो, आमचा जॉबर बघा, मागाची चव घेतो. आणि हाक मारली, “अण्णा!”

ते वळले नाहीत.

“अण्णा, इकडे या.”

ते बोटांच्या फटी घासत राहिले, सावकाश, एकेक.

तिसरी हाक मी ओरडून मारली. अण्णांनी हौदातला तांब्या उचलला आणि पायावर पाणी ओतलं. व्यापाऱ्यांपैकी एक हसला आणि म्हणाला, “शेठ, तुमचा माणूस तुम्हाला मोजत न्हाय की.”

माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं, हे फक्त माझ्यासारख्या माणसालाच कळेल. शून्यातून उभं राहिलेल्याला आपल्या दारात कुणी मोजत नाही म्हणालं की तो परत स्टँडबाहेर खांद्यावर टॉवेल घेऊन उभा असतो. मी बाकावरचा अण्णांचा पाना उचलला आणि मागच्या पायरीवर आदळला. त्याचा हादरा गेला असावा, ते वळले. मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हणालो, “उद्यापासून येऊ नको तू.”

अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा ‘तू’ म्हणालो.

हे वाक्य त्यांना अक्षरन् अक्षर कळलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग त्या दोन व्यापाऱ्यांकडे, मग पायरीवरच्या पान्याकडे. काय झालं असेल हे त्यांच्या लक्षात आलं होतं, ते मला तेव्हाच चेहऱ्यावर दिसलं. मी ते अपराध्याचं ओशाळणं समजलो. ते एक वाक्य बोलले असते, मला ऐकू येत न्हाई मालक, तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. ते म्हणाले, “बरं, मालक.” हात पुसले, टॉवेल दोरीवर नीट वाळत घातला, टोकं जुळवून, आणि गेले. पाना तिथेच राहिला.

मागणी मिळाली. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, पण तो मी रागच समजलो.

नवा जॉबर तरुण आला, मोबाईलवर गाणी लावून काम करणारा. माग तो नीट करायचा, तीन-तीन बोल्ट उघडून. माझं दुखणं महिन्याभरात परत आलं. मी एकटाच पायरीवर बसून आवाज मोजायचो, पण ‘अजून?’ म्हणायला कुणी नसलं की दोनावर थांबायचं. चार महिन्यांनी एकदा चहा घेताना मी महबूबचाचांजवळ तक्रार केली. म्हटलं, इतका जीव लावला त्या माणसाला, आणि परक्यांसमोर तीन हाका मारल्या तर वळला नाही.

चाचांनी बशी खाली ठेवली. “सेठ, अण्णा कू सुनने नहीं आता.”

“कधीपासून?”

“तुमारे पास आये तबसेच.”

“हे कुणाकुणाला माहीत होतं?”

“सबकू.”

मग सगळं बाहेर आलं. मी मागून हाक मारली की जवळचा जो असेल तो रिकामी कांडी अण्णांच्या पायाशी फेकायचा, आणि अण्णा वळायचे. सुताच्या त्या लाकडी कांड्या अशा उडताना मी शंभर वेळा पाहिल्या होत्या. एकदा मी सगळ्यांना झापलंही होतं, कांड्या काय गोट्या खेळायला आणल्यात का म्हणून. त्या दुपारी सगळे चहाला गेले होते. कांडी फेकायला कुणी नव्हतं.

“मला का नाही सांगितलं एकानेही?” मी ओरडलो.

“तुमना कौन बोलता सेठ?” चाचा शांतपणे म्हणाले. “तुम सुनते कब?”

मी त्याच दिवशी पाना घेऊन अण्णांच्या घरी गेलो. पेठेतच राहायचे, माझ्या कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. अकरा वर्षांत मी तिथे कधी गेलो नव्हतो. एक खोली आणि पुढे ओटा. ओट्यावर अण्णा बसले होते, भिंतीला पाठ लावून नव्हे, भिंतीकडे तोंड करून. एक तळवा भिंतीवर सपाट ठेवलेला. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे दोन माग चालू होते. चार महिन्यांत मान बारीक झाली होती. खोकत होते.

मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, “अण्णा.” मला खात्री करून घ्यायची होती. ते वळले नाहीत. मी आवाज चढवला. आतून त्यांच्या बायको अंबव्वा बाहेर आल्या. माझ्याकडे बघून त्यांना कळलं की मला कळलं आहे.

“कवापासून माहीत हाय तुमाला?” त्यांनी विचारलं.

“आज.”

त्या दारातच बसल्या आणि आधीच्या कारखान्याचं सांगितलं, जिथे अण्णांनी एकोणीस वर्षं काढली. हाक ऐकू येत नाही असा मालकांना संशय आला. त्यांनी अण्णांना ऑफिसात बोलावलं आणि समोर उभं केलं. आणि पाठीमागून एकाला तेलाचा रिकामा डबा फरशीवर आपटायला लावला. “सगळी दचकली. हे न्हाई दचकले. मग सगळी हसली. ह्यांना कळंना का हसायलेत, म्हणून हे पण हसले. मालक म्हणाले, जावा घरी.” अंबव्वांनी पदराने नाक पुसलं. “त्या दिवसापासनं पाठ उघडी टाकत न्हाईत. म्हणाले, नव्या मालकाला सांगायचं न्हाई. त्यानं पण डबा आपटला तर?”

कानाला मशीन लावू, मोठ्या डॉक्टरला दाखवू, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, दाखवलं होतं, आता उपेग न्हाई म्हणाले.

मी भिंतीला खेटून अण्णांच्या पुढ्यात बसलो. मला बघून ते उठायला लागले, मी हात धरून बसवलं. पाना मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, मी तेल लावून आणलं होतं. आणि मग जे बोलायला आलो होतो ते मी बोललो. पण मला त्यांच्याकडे बघवेना. मान खाली घालून, ओट्याच्या फरशीकडे बघत बोललो, अगदी सगळं बोललो. माझं चुकलं, मी तुम्हाला तू म्हणालो, परत या. माझ्या आयुष्यात मी कुणाची इतकी माफी मागितलेली नाही.

त्यांनी बोटाने माझी हनुवटी वर केली. “तोंड वर करा मालक. दिसंना.”

एवढंच. अकरा वर्षांत कबुली दिली ती ही.

मला परत बोलायचं होतं. तेच सगळं, त्यांच्या डोळ्यांसमोर, ओठ उघडून. झालं नाही. घशात तो गोळा आला, हात बधिर झाले. त्यांनी ते ओळखलं. आजारी ते होते, चार महिने घरी बसवलेले ते होते, आणि त्यांनी माझा तळवा उचलून भिंतीवर ठेवला, आपल्या तळव्याशेजारी.

“डोक्यातलं ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “हितलं सांगा.”

मी सांगायला लागलो. शेजारचे दोन माग. त्यातला एक जरा अडखळतोय. अंबव्वा भांडी विसळतायत. वर पत्र्यावर काहीतरी टुणकन् पडलं, चिंच असेल. गल्लीत एक बाई मुलाला हाका मारतेय, मुलगा ओ देत नाहीये. रेडिओवर बातम्या. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पापणी न हलवता. तेव्हा मला कळलं की ती परीक्षा कधीच नव्हती. पायरीवरच्या त्या सगळ्या दुपारी हा माणूस माझ्या तोंडातून होला ऐकत होता, उखळ ऐकत होता, बायकांचं हसणं ऐकत होता. मला वाटत होतं, औषध मी घेतोय.

“अजून?” ते म्हणाले.

मी अंधार पडेपर्यंत सांगत राहिलो. जे सांगायचं होतं तेवढं सोडून सगळं. उद्या येतो म्हणून उठलो. गल्लीच्या वळणावर मागे बघितलं. अण्णांनी पान्याचं एक टोक दातांत धरलं होतं, दुसरं भिंतीला टेकवलं होतं. डोळे मिटलेले. शेजारचा तो अडखळणारा माग शोधत होते. चेहरा इतका निवांत होता की परत जाऊन त्यांना हलवून ते वाक्य बोलावं, असं मला वाटलं नाही. म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी एक गाडी भरायची होती. तिसऱ्या दिवशी सूतवाला आला. पाचव्या दिवशी सकाळी महबूबचाचा दारात उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

अण्णांच्या दहाव्यानंतर मी एक काम केलं. लाईट गेलेली असताना, कारखाना शांत असताना, माझ्या प्रत्येक कामगाराच्या मागे उभा राहून साध्या आवाजात त्याला नावाने हाक मारली. दोघं वळले नाहीत. महबूबचाचा डाव्या बाजूने हाक मारली तर वळत नाहीत. तिघांनाही कानाच्या डॉक्टरकडे नेलं, स्वतः घेऊन गेलो. आता कानात बोळे घातल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. ते हसतात, ‘बॉयलर’ला वेड लागलं म्हणतात. म्हणू देत. कामावरून कुणालाही काढलेलं नाही. काढणारही नाही.

माझा जबाब हा असा आहे. तो पुरा पडत नाही हे मला माहीत आहे.

पण अजून एक जबाब बाकी आहे. डबा आपटायला लावणारे ते मालक हयात आहेत. चांगले ठणठणीत आहेत, समारंभांत पहिल्या रांगेत बसतात, रोज सकाळी तलावाकाठी फिरायला येतात. मी अण्णांना घालवलं ते न कळून, रागाच्या भरात. त्या मालकांना सगळं कळलं होतं. एकोणीस वर्षं ज्या मागांनी त्या माणसाचे कान खाल्ले ते माग त्यांचे होते, आणि कान गेले आहेत हे कळल्यावर त्यांनी त्याला दवाखान्याचं दार न दाखवता घरचं दाखवलं, आणि वर चार माणसांना हसवलं. ते का, हे मला त्यांच्या तोंडून पाहिजे. मी सकाळी तलावाकाठी जाऊन उभा राहणार आहे. मागून हाक मारणार नाही. समोर जाऊन, तोंड वर करून विचारणार आहे. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय त्यांना नाही.